द्राक्षांचा वास

“ताप उतरलो मगे? आता देवी पायात इली.” नऊ वर्षांपूर्वी भाईबुवाने म्हटलेलं हे वाक्य मथुराच्या कानात अजून मुक्काम ठोकून होतं. त्यानंतर पाचव्या दिवशी पायाच्या चिघळलेल्या जखमेने तिचा नवरा लवू गेला. घरातली श्रद्धा कमी पडली, असं बुवाने सांगितलं आणि तिने तेही निमूट ऐकून घेतलं.

२०१३ सालच्या मार्गशीर्षात, कट्टा गावच्या बाजारामागे, तोच बुवा आणि तशीच गर्दी. पाटावर मथुराचा मुलगा अजय. जाळं ओढताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या पायात घुसला आणि आईला न विचारता त्याने बुवाला गाठलं. देवीपुढच्या फुलांचं आठवडाभर न बदललेलं पाणी बुवा रोज जखमेवर ओतायचा. फुलं गेली कुजून, पाणी राहिलं निजून, आणि बुवा त्यालाच तीर्थ म्हणायचा.

आज पट्टी सुटली आणि मांडवभर पिकल्या द्राक्षांचा गोड वास दरवळला. पू हिरवानिळा. ताप नाही, ठणकाही कमी. बायकांनी हात जोडले.

“डॉक्टराच्या सुईक असो वास येता?” बुवाने विचारलं. लोक हसले.

मथुरा पुढे झाली. चार दिवसांपूर्वी तिने त्या पाण्याची बाटली आणि अजयची पट्टी दवाखान्यातल्या डॉक्टर योगिनीकडे पोचवली होती. अजय तिचं ऐकत नव्हता. आज अहवाल आला तशी ती डॉक्टरीणबाईंना घेऊनच आली. तिला लेकाचा पाय वाचवायचा होता आणि बुवाला चारचौघांत उघडं पाडायचं होतं.

“बुवानू, तुमच्या टाचेक भेग आसा. तेच्यात ह्यां पाणी घाला.”

आपल्यावर देवीची कृपा आधीच झालीय, असं बुवा म्हणाला. मथुराने त्याचा घोटा धरला. मासे साफ करणारे हात, सुटतात कुठले! तिच्या हातातला तीर्थाचा तांब्या कलता होताच बुवाने लाथ झाडली. चार थेंब भेगेवर पडले.

“साबण हाडा रे! औषधाचो साबण!” बुवा ओरडला.

हसू उठलं, पण या वेळी बुवावर.

योगिनीबाईंनी सगळ्यांना समजावलं. कुजक्या पाण्यातले जंतू जखमेत माजतात आणि रसायनं सोडून एकमेकांना निरोप देतात. त्या रसायनांतल्याच एकाला हा द्राक्षांचा वास. “संशोधकांना वाटतं, तोच निरोप शरीरही ऐकतं. मग ते लढणं थांबवून जंतूंना खपवून घेतं. ताप उतरतो, जंतू तिथेच राहतात. बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. वास कसलाही असो, जखम डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो आधी त्याच्यावरच करून बघायला सांगा.”

अजयचा पाय वाचणार होता, पण आजच निघायला हवं होतं. लोक बुवाला घेरून पोलिसांची वाट बघत राहिले. मथुराने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. नऊ वर्षांची भूक होती, तरी पोट भरलं नाही.

रिक्षात अजयने विचारलं, बाबा तेव्हा काहीच कसे बोलले नाहीत?

तिने त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला.

“तुझो बापूस बोललो हुतो. माका दवाखान्यात ने, म्हणून रडलो. मिया नेवक नाय.”