बुवांच्या मानेवरचा मी

मित्रांनो, मी सोनोग्राफीच्या यंत्राचा एक जुना प्रोब आहे. यंत्राला वायरने जोडलेला, मुठीत मावणारा, सपाट तोंडाचा. माझ्या एका कडेचा टवका उडाला आहे आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळली आहे. पण माझ्या रूपावर जाऊ नका. देवाने माणसाच्या मानेत दोन्ही बाजूंना एकेक मोठी रक्तवाहिनी ठेवली आहे. मेंदूला बरेचसे रक्त त्यांतूनच जाते. त्यांना कान लावून बसण्याचे भाग्य मला लाभले.

टोपी आणि हातमोजे घातलेल्या कारागीर बायकांनी एका स्वच्छ खोलीत, भिंगाखाली धरून मला घडवले. माझ्या तोंडात बारीक स्फटिकांची रांग आहे. त्यातून मी एक सूर सोडतो. तो तुम्हाला ऐकू येत नाही. वाहत्या रक्तावर आपटून तो परततो, तेव्हा थोडा बदललेला असतो. त्या बदलावरून रक्ताचा वेग कळतो.

मी एका डॉक्टरबाईंच्या हाती आलो. मला जोरात दाबले तर रक्तवाहिनी चेपते आणि कोन चुकला तर वेगही चुकतो. बाई मला अगदी हलक्या हाताने धरत. मापून झाले की माझ्या तोंडाला लावलेले चिकट जेल पुसून मला जागेवर ठेवत. त्या काळी खोलीत नवे कुणी आले की आधी मलाच दाखवत. मी फुगून जाई, खोटे कशाला बोलू?

एकदा एक आजोबा आले. देवाच्या गोष्टी गाऊन सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. सगळे त्यांना बुवा म्हणत. सोबत त्यांची लेक होती. दुसरीकडच्या तपासणीत ‘मानेतला रक्तप्रवाह कमी’ असे निघाले होते. गाता गाता वडील कोसळतील या धास्तीने लेकीने त्यांचे गाणे बंद केले होते. ती सांगत होती, की तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात, जेवायलाही दोनदा हाक मारावी लागते.

बाईंनी मापले. प्रवाह खरेच कमी होता.

बुवांनी शांतपणे विचारले, “कमी म्हणजे कुणापेक्षा कमी?”

बाईंनी मापांचा तक्ता पाहिला. त्यांच्याकडची सगळी मापे तरण्याताठ्या माणसांची होती. “तुमच्या वयाचं माप माझ्याकडे नाही, बुवा,” त्या म्हणाल्या. “शोधून सांगते. तोवर लेकीचं ऐका.”

मित्रांनो, मग माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम सुरू झाले. विशीपासून ऐंशीपर्यंतची धडधाकट माणसे बाईंनी बोलावली. धावण्याच्या शर्यतीतली मुलगी आली, बसचालक आले, पाठीत वाकलेले शिंपीकाका आले. एक जोडपे तर पैज लावूनच आले. आजी म्हणाल्या, “माझाच प्रवाह जास्त निघणार. घरात डोकं चालवतं कोण?” आजोबांनी लगेच त्यांना तपासणीच्या खाटेवर आधी झोपायला जागा करून दिली.

एकेका मानेवर टेकून मी ऐकत गेलो. तरुण मानेत रक्त उसळत धावते. वय चढते तशी रक्तवाहिनी रुंदावते, तिची भिंत थोडी ताठ होते आणि रक्त संथ होत जाते. तो आजार नव्हे, ती वयाची चाल आहे. मात्र कुठे आतून थर साचून वाट अरुंद झाली असेल, तर तिथे रक्त एकदम सुसाट आणि कर्कश वाहते. धोका तिथे असतो.

बुवांना पुन्हा बोलावले. वेग त्यांच्या वयाच्या माणसांसारखाच भरला. पण वाट कुठे अरुंद झाली आहे का, ते पाहायचे बाकी होते. बाई मला तसूतसूने वर सरकवत होत्या. लेक पदराचे टोक पिळत उभी होती. रक्तवाहिनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे मी बराच वेळ थांबलो. एक बाजू झाली, मग दुसरी झाली. कुठेही अडथळा नव्हता.

“तुमच्या वयाला हवा तसाच प्रवाह आहे,” बाई म्हणाल्या. “गायला माझी काही हरकत नाही.”

बुवांनी बाईंकडे पाहिलेच नाही. ते लेकीकडे पाहत राहिले.

ती म्हणाली, “बसून गायचं. आणि मी समोर बसणार.”

“तू समोर बसलीस तर वेळेवर संपवावं लागेल.”

ती हसली आणि डोळे पुसू लागली. तेवढ्यात बुवांनी पडल्या पडल्याच एक ओळ धरली. मी अजून त्यांच्या मानेवर होतो. गळा थरथरला की माझे चित्र बिघडते, म्हणून मापताना बाई कुणाला खोकूही देत नसत. त्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर नुसते रंग उसळले. मापण्यासारखे काही उरले नाही, तरी बाईंनी मला उचलले नाही. रक्त ऐकणाऱ्या मला त्या दिवशी देवाचे नाव ऐकायला मिळाले.

आता नवे यंत्र आले आहे. मी शिकाऊ मुलांच्या खोलीत असतो. कुणी मला वायरीला धरून लोंबकळवतो, कुणी जेल तसेच वाळू देतो. तेवढे करू नका, मित्रांनो. आणि तुमच्या घरातले कुणी वयाने संथ झाले असेल, तर त्यांना ‘कमी’ म्हणण्याआधी जरा थांबा. ते कुणापेक्षा कमी, हे आधी विचारा. मगच त्यांचे गाणे बंद करायचे की त्यांच्यासमोर बसून ऐकायचे, ते ठरवा.