आधण उतरेपर्यंत

शिवांजलीनं तोंड उघडलं आणि श्रद्धा हबकली. दातांची डॉक्टर ती, सांगलीत रोज किडके दात बघणारी. पण चार वर्षांच्या पोरीच्या तोंडात दात म्हणून नुसती काळी खुंटं? हिरडीतून पू येत होता, उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला, अंग तापानं फणफणलेलं.

"कधीपासून आहे हे?"

"झालं की दोन-चार दिस," पोरीची आई अंजना म्हणाली. बोलताना हात काही थांबला नाही तिचा. म्हसवडकडची ही बाई हंगामापुरती श्रद्धाच्या सासऱ्यांच्या, रायगोंडा अण्णांच्या, गुऱ्हाळावर यायची आणि रस उकळायच्या काहिलीखाली, चुलवाणात जाळाला उसाची चिपाडं सारायची.

पोरगी कण्हायला लागली. तसे अण्णा लगबगीनं आले, उसाचं एक चिपाड काकवीत बुडवलं आणि तिच्या तोंडात दिलं. "चोख बाळा, चोख." पोरगी गप्प झाली. कामकऱ्यांची पोरं अण्णा इथं दिवसभर अशीच गप्प करायचे. आया कामाला मोकळ्या, आणि वर मालकाला पुण्य! पोरांना स्वतःच्या हातानं भरवणारा मालक म्हणून पंचक्रोशीत नाव होतं अण्णांचं.

श्रद्धानं ते चिपाड ओढून भिरकावून दिलं.

"मामा, विष घालताय पोरीच्या तोंडात!"

"आगं, काकवीला इष म्हणतीस व्हय?"

"मग तुमच्या नातवाला, जिनेशला का देत नाही कधी?"

"त्याचं दात किडतील की!"

बोलले आणि मिशीवरून हात फिरवला. लाज ना शरम! म्हणजे सगळं ठाऊक होतं या माणसाला. नातवाला दात तपासायला आठवणीनं दवाखान्यात पाठवायचं, त्याच्या खिशातलं चॉकलेट काढून घ्यायचं, आणि इथं चुलवाणापाशी जाणूनबुजून हे! श्रद्धाला शिसारी आली. या माणसाच्या पंगतीला बसून आपण रोज जेवतो, याचीसुद्धा शिसारी आली.

"ही सूज गळ्यात उतरली तर पोरीचा श्वास कोंडेल. आत्ताच्या आत्ता सांगलीला न्यायला हवी. अंजना, ऊठ."

अंजना उठली नाही. तिनं मालकाकडं बघितलं.

"आधण चढलंय," अण्णा शांतपणे म्हणाले. "रस काहिलीत पडला की गूळ उतरंपतूर जाळापुढच्या माणसानं हलायचं न्हाई. रिवाज हाय गुऱ्हाळाचा. जाळ चुकला तर समदी काहील करपंल. थोडा येळ थांबली पोरगी तर काय बिघडतंय?"

"मग तुम्ही बसा जाळापुढं! रिवाज तुमचा, गूळ तुमचा!"

श्रद्धानं पोरीला उचललं, अंजनाच्या दंडाला धरून तिला ओढतच गाडीत बसवलं. मागं अण्णा तोंडानं पुटपुटत, धोतर सावरत चिपाडांपाशी बसले. काहील करपू देणं काही त्यांच्या जिवाला झेपणारं नव्हतं.

गाडी रस्त्याला लागली. पोरगी आईच्या मांडीवर ग्लानीत पडली होती.

"भिऊ नकोस, वेळेत निघालोय," श्रद्धा म्हणाली. "कसला माणूस हा! काळीज आहे की दगड!"

"मालकांस्नी नावं नगा ठिवू, बाई. लय चांगलं हायती. दोन वर्सामागं थोरलीचं बी असंच गाल सुजलं हुतं. तवा बी आधण चढल्यालं."

"मग?"

"मग काय, आधण उतरल्यावर लगीच सुट्टी दिली की मालकांनी," अंजना म्हणाली, "तिला माती द्यायला."