आतून धुतलेली गाडी

मिस्त्रीने चालू इंजिनावर वाकून प्लगला ठिणगी देणाऱ्या पहिल्या कॉइलची वायर काढली. इंजिन अडखळलं. ती लावून त्याने दुसरी काढली, पुन्हा अडखळलं. तिसरी काढली, तर इंजिनाला त्याचं काहीच नाही. आधी जसं थरथरत होतं, तसंच थरथरत राहिलं.

"हे बघा सिस्टर, चोर सापडला," तो म्हणाला. "चार सिलिंडरांतले तिघं राबतायत आणि हे महाशय खुशाल झोपलेत. पण एकटा झोपला म्हणून चढावर एवढा दम जात नाही. आणखी काहीतरी आहे."

गल्लीत सगळेच तिला सिस्टर म्हणत, मिस्त्रीही म्हणे. तिचं लक्ष मात्र इंजिनापेक्षा गॅरेजच्या बाकावर बसलेल्या शेजारच्या काकांकडे होतं. काकांनी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं होतं. तुम्ही येऊ नका, म्हणून तिने दोनदा बजावलं होतं, पण ऐकतील तर ते काका कसले!

"माझ्यामुळेच झालं हे," बाकावरून काका म्हणाले. सकाळपासून चौथ्यांदा. "त्या दुपारी हॉस्पिटलच्या चढावर तुम्ही गाडी कशी चढवलीत, ते मागे हिचं डोकं मांडीवर घेऊन मी बघत होतो. वीस वर्षांची जुनी गाडी. आमच्यापायी तिचा जीव गेला."

"काका, सुपरचार्जर आहे गाडीला. हवा दाबून इंजिनात भरतो तो. असल्या चढांसाठीच असतो."

काकांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. काकू वाचल्या होत्या, घरी आल्या होत्या, काठी न घेता खिडकीपर्यंत चालू लागल्या होत्या. आणि सोमवारी गाडीने आचके द्यायला सुरुवात केल्यापासून काकांना त्या आनंदाचा घास गोड लागत नव्हता. बायकोच्या जिवाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. सिस्टरला गाडीची नव्हे, त्याचीच काळजी लागली होती.

मिस्त्रीने इंजिन बंद करून तिसरी कॉइल उपसली. तिचं रबर ओलं होतं. खाली प्लगच्या खळग्यात पाणी साचलेलं. त्याने बोट बुडवून वास घेतला.

"लिंबू?" तो चक्रावला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "इंजिन कुणी धुतलं?"

सिस्टरला रविवार आठवला. बाह्या वर सारलेले काका, बादली, भांड्यांचा लिंबाचा साबण आणि एक जुना टूथब्रश. सिस्टर, आज गाडीला हात लावायचा नाही, अशी तंबी देऊन ते तीन तास बॉनेटखाली डोकं घालून होते. जन्मभर काचा पुसलेला माणूस, कोपरा म्हणून सोडला नसेल. बावीस वर्षं वॉर्डात काढलेली ती खिडकीत उभी राहून बघत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. बरे झालेले पेशंट घरी जातात, तिलाही तेच हवं असतं. पण तिच्यासाठी कुणी बाह्या वर सारल्याचं तिला आठवत नव्हतं.

गळती शोधायला मिस्त्रीने हवेच्या वाटेत धूर सोडला. क्षणभराने सुपरचार्जरपासून निघणाऱ्या जाड पाइपच्या सांध्यातून पांढरी रेघ बाहेर आली.

"सांध्याची पट्टी सैल करून खालून पुसलंय," तो पुटपुटला. "चकाचक. आणि आवळायला विसरलाय पठ्ठ्या. सगळा दाब इथून पळतोय."

सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी बाक दाखवला. मिस्त्रीने बाकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, इकडे या!" तो एकदम ओरडला. भंगाराच्या ढिगातून त्याने एक चिरलेला पाइप उचलला. "हा बघा गुन्हेगार! रबर म्हातारं झालं की फाटणारच. दारात उभी असती तरी फाटलं असतं. चढाचा काडीचा संबंध नाही!"

अभिनय इतका बेताल होता, की सिस्टर पान्यांची पेटी न्याहाळू लागली.

काकांनी पाइप हातात घेतला. एक डोळा मिटून आरपार पाहिलं. गाडीतल्या सांध्याकडे पाहिलं.

"असं होय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

खळगा सुकवून मिस्त्रीने नवा प्लग बसवला, पट्टी आवळली. इंजिन एका लयीत फिरू लागलं. परतताना तोच हॉस्पिटलचा चढ लागला. गाडी शीळ घालत झरझर वर निघाली.

"सिस्टर."

"हं?"

"तो पाइप तुमच्या गाडीचा नव्हता. चांगला दोन बोटं मोठा होता."

तिने नजर रस्त्यावरच ठेवली. कानांच्या पाळ्या मात्र गरम झाल्या.

"आणि लिंबाचा वास बाकापर्यंत आला होता," काका म्हणाले.

"काका, अहो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून—"

"म्हणजे त्या दुपारी काही बिघडलं नव्हतं." ते तिच्याकडे वळले. "हिला हॉस्पिटलात पोचवलंत, आणि गाडीलाही काही झालं नाही. मग मी आलो टूथब्रश घेऊन!"

त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग सगळे काकाच हलू लागले. चष्मा पुन्हा काढावा लागला. त्यांना इतके दिवस जपणाऱ्या सिस्टरला, आपण किती उगाच जपत होतो, ते पाहून फार बरं वाटलं.

चढ संपताना काका एकाएकी गंभीर झाले.

"घरी जाऊन सांगतो हिला. पण फार हसेल हो ती. चालतं ना तिला आता हसलेलं?"

"चालतं काका," सिस्टर म्हणाली. "भरपूर चालतं."