तीनदा वारलेली आत्या

भाद्रपद उतरणीला लागला होता. पावसाने धुऊन ठेवलेले आकाश मिठागरांच्या उथळ पाण्यात उतरले होते, आणि खाडीकाठचे ते चिमुकले गाव दोन आभाळांच्या मधोमध निवांत पहुडले होते. बांधाबांधावर बगळे उभे होते. शुभ्र, स्थिर, ध्यानस्थ. आणि ध्यान सगळे मासोळीवर होते.

त्या दुहेरी निळाईतून, सायकलच्या चाकांवर ऊन फिरवीत, अच्युत मायदेव जिल्ह्याच्या गावी चालला होता. शाळेत चित्रकला शिकवणारा हा पन्नाशीचा सद्गृहस्थ आज पूर्वज शोधायला निघाला होता.

मायदेवांच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती, आणि तिच्यातले वंशवृक्ष काढण्याचे काम संपादकांनी त्याच्याच गळ्यात घातले होते. काय एकेकांचे वृक्ष! शाखाविशाल, पर्णसंकुल, सहा-सहा पिढ्यांच्या पारंब्या सोडलेले. अच्युतच्या घराण्याचा मात्र नुसता खुंट. आजोबा दामोदर हे पोरके, वार लावून जेवलेले, महायुद्ध संपल्यावर सरकारच्या मीठ खात्यात कारकून म्हणून चिकटलेले. त्यांच्याआधी कोण, कुठले, कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्यांच्या फांद्यांना हिरवा रंग देता देता अच्युतला आपला खुंट टोचत राही. एक डहाळी मिळाली तरी पुरे, असे त्याला वाटे. आणि फार वाटे.

दप्तरखान्यात झरोक्यातून उन्हाचा एक तिरका खांब उतरला होता. त्या सुवर्णस्तंभात धूळ नाचत होती, मंद, मदालस, आणि अच्युत शिंकत होता. मीठ खात्याचे लाल रुमालात बांधलेले जुने गाठोडे त्याच्यापुढे आले. गाठ सुटली. आणि आजोबांच्या रजेच्या अर्जांतून, वळणदार अक्षरांतून, एक आत्या प्रकटली.

‘माझी आत्या यमुनाबाई हिचे देहावसान झाल्याने रजा मिळावी.’

आत्या! जिवंत नव्हे, वारलेली. पण वारायला आधी असावे लागते. आणि आत्या असली तर तिचा भाऊ असणार, त्यांचा बाप असणार, बापाचा बाप असणार. खुंटाला क्षणात पालवी फुटली. अच्युत उठला, बाहेर जाऊन पेढे घेऊन आला आणि त्याने ते दप्तरखान्यात वाटले. आत्या वारल्याचे पेढे तिथल्या लोकांनी बिचकत बिचकत खाल्ले.

मग त्याने पान उलटले. दोन वर्षांनी यमुनाबाई पुन्हा वारली होती.

आणखी पान उलटले. ती तिसऱ्यांदाही वारली होती, आणि एव्हाना साहेबांना तिचा लळा लागला असावा. कारण ‘दुःखात सहभागी’ असा शेरा मारून त्यांनी एक दिवस जादा दिला होता.

पालवी गळाली. नव्हतीच कुणी आत्या. होती ती थाप, आजोबांनी रजेसाठी मारलेली. अच्युतने निमूटपणे सगळ्या अर्जांचे मोबाइलवर फोटो काढले आणि तो माघारी निघाला. वाटेत त्याच मिठागरांत आता संध्याकाळ विरघळत होती, केशरी, कातर, उदास, आणि बगळेसुद्धा त्याला खोटारडे वाटत होते.

घरी त्याची द्वारकाआत्या वाल सोलत बसली होती. ही खरी, पंचाहत्तरीची, त्याच्या वडिलांच्या पाठची. अण्णांच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या, थापा ऐकून ती पोटभर हसली. मग अच्युतने तारखा वाचल्या आणि तिचा हात वालांत थांबला.

“शेवटची परत वाच.”

“दोन डिसेंबर.”

“तो माझा वाढदिवस.”

“तुझा एक जून ना?”

“तो मास्तरांनी दिलेला,” आत्या म्हणाली. “आई ओवाळायची ती दोन डिसेंबरला.”

खरेच होते. सगळ्या पंचक्रोशीला शाळेने एक जूनला जन्माला घातले होते. अच्युतच्या वडिलांना, त्यांच्या थोरल्या भावाला, सगळ्यांना. पण खऱ्या तारखा आत्याला पाठ होत्या, आणि अर्जांच्या तारखा त्यांच्याशी एकेक करून जुळत गेल्या. खाडीपलीकडच्या माहेरी आजी बाळंत झाली की इकडे यमुनाबाई मरत होती आणि दामोदर होडीत बसत होते.

“बाळंतपणासाठी म्हणूनच रजा का नाही मागितली?” अच्युत पुटपुटला. मग त्याने सर्वांत जुन्या अर्जाचा फोटो उघडला. त्यात आत्या नव्हती, म्हणून दुपारी त्याने तो धड पाहिलाही नव्हता. ‘पत्नी प्रसूत झाली आहे. कन्या अशक्त आहे. रजा मिळावी.’ आणि खाली लाल शाईत: ‘बाळंतपणात कारकुनाचे काय काम? नामंजूर.’

द्वारकाआत्याने वाल बाजूला सारले. अंगणात प्राजक्त अंधारात उमलत होता.

“यमू,” ती म्हणाली. “आमच्यातली पहिली. नाव ठेवलं आणि महिन्याच्या आत गेली. अण्णांनी तिला पाहिलीच नाही.”

म्हणजे थाप नात्यापुरतीच होती. यमुना वारली होती, एकदाच, आणि मग तिने पाठच्या तिन्ही भावंडांसाठी बापाला रजा मिळवून दिली होती. अच्युतला रडू आले. आणि साहेबांची ती सहानुभूती आठवून त्यातच हसूही आले.

सर्वपित्री अमावास्या आली. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचा हा दिवस. हिच्या तर तीन तिथ्या दप्तरी नोंदलेल्या, आणि खरी तेवढी कुठेच नव्हती. गच्चीवर पाने मांडली गेली. द्वारकाआत्याने शेवटी एक लहानसे पान मांडले. दात न आलेल्या मुलांचे श्राद्ध नसते, असे गुरुजी हलकेच म्हणाले.

“शास्त्राची पानं तुमची,” आत्या म्हणाली. “हे माझ्या मोठ्या बहिणीचं.”

आणि तिने त्यावरची मिरचीची चटणी उचलून घेतली, नुसती खीर वाढली, गार करून.

शास्त्रोक्त पानांकडे कावळे पाहीनात. ऊन चढले, गुरुजी खोकले, वडे निवले. मग माडावरून एक कावळा आला, सरळ, निःशंक. मोठ्यांची सगळी पाने ओलांडून तो त्या लहान पानाशी टेकला.

वंशवृक्षाच्या खुंटाला अच्युतने त्या दुपारी डहाळी काढली. वर नव्हे, खाली. आजोबांच्या अगदी लगत, वडिलांच्या आधी, कोवळ्या हिरव्या रंगात. आणि मिठागरांवरून तो कावळा चालला होता, पांढऱ्या चोचीचा, खीर माखलेला. वर एक आकाश, खाली एक आकाश, आणि मधून तो, खाडीपलीकडे, सावकाश, रजेवर निघाल्यासारखा.