पाच नंबरवर कोण आहे

"कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय," कालिंदीताई म्हणाल्या आणि हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

शेजारी उभ्या असलेल्या हिमांशूचं लक्ष नव्हतं. तो त्यांचा भाचा, या हौशी मोटार शर्यतीचा मुख्य व्यवस्थापक. समोर सुटायच्या तयारीत असलेली गाडी गुरगुरत होती आणि तंबूच्या कनाती धुळीनं तांबूस झाल्या होत्या.

शहराबाहेर पडेगावच्या पुढं, बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर बांधलेला हा तलाव. सलग तिसऱ्या उन्हाळ्यात तो तळापर्यंत कोरडा पडला होता. एका अंगानं शहराचे नवे प्लॉट त्याच्या पाळीपर्यंत येऊन भिडले होते. तलावाच्या तळात जेसीबीनं वळणं काढून हिमांशूच्या क्लबनं शर्यतीचा रस्ता केला होता. गाड्या एकेक करून सोडत. प्रत्येक वळणावर एक माणूस, त्याच्या हातात एक झेंडा आणि एक वॉकीटॉकी. सगळे एकाच लहरीवर बोलत. त्यातल्या एकाचं बटण जरी दाबलेलं राहिलं, तरी बाकी सगळ्यांची तोंडं बंद.

कालिंदीताईंची उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, ट्रंक कॉल जोडण्यात. पुढं यंत्रं आली आणि त्यांना बिलांच्या खिडकीवर बसवलं. उस्मानपुऱ्यातल्या घरी त्या एकट्याच. "आत्या, वायरलेसवर बसायला माणूस नाही," असं हिमांशूनं म्हटलं, तेव्हा त्या भिडेपोटी आल्या होत्या. आता मात्र या रविवारांची वाट बघत. कानात पुन्हा माणसांचे आवाज येत होते.

हेडफोनमध्ये आधी नुसतं वारं होतं. मग पुंजारामचा आवाज आला. पलीकडच्या वस्तीवरचा हा म्हातारा. तळाची राखण करायचा, म्हणून क्लबनं त्याला पाच नंबरच्या वळणावर उभं केलं होतं. ओट्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं, तसा तो हळू बोलत होता.

"हिथं आपली चूल व्हती बघ, पारू. अन् हिकडं गोठा. समदं तसंच हाय, नुसत्या भिंती नाय."

त्याच्या आवाजाखाली आणखी काहीतरी ऐकू येत होतं. कालिंदीताईंनी डोळे मिटले. पाणी होतं ते. कमरेएवढ्या पाण्यातून कुणीतरी चालत यावं, तसा तो आवाज होता. आणि या तलावात ओंजळभरही पाणी नव्हतं. प्यायचंसुद्धा टँकरनं येत होतं.

मग अगदी जवळून, धाप लागलेला बाईचा आवाज आला. "अवो, म्हशीचं दावं सोडलं का?"

पुंजाराम आपल्याच नादात बोलत राहिला. जणू त्याच्या कानावर काही पडलंच नव्हतं.

"अवो, दावं सोडलं का?"



"आत्या, सोडू का पुढची गाडी?" हिमांशूनं विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "चौदा नंबरची गाडी परत आली का?"

"येईल. धुळीत दिसत नाहीये एवढंच."

"थांब. पाच नंबरचं बटण अडकलंय. सहा नंबरवाला बोंबलत असला तरी मला कळायचं नाही."

"लोक उन्हात ताटकळलेत, आत्या. आधीच उशीर झालाय."

तो हात वर करणार, एवढ्यात कालिंदीताई उठल्या. टेबलावरचा लाल झेंडा घेऊन त्या थेट गाडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. चालकानं करकचून ब्रेक दाबला.

धूळ हळूहळू खाली बसली. सहाव्या वळणामागं चौदा नंबरची गाडी छपरावर उलटी पडली होती, ऐन रस्त्यात. तिथला माणूस झेंड्यासोबत अंगातला सदराही काढून वेड्यासारखा हलवत होता. गाडीत श्रीरंग होता, गुलमंडीतला दातांचा डॉक्टर. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचं खांद्याचं हाड मोडलेलं होतं. बाकी तो धड होता. मागची गाडी सुटली असती तर ती त्याच्यावरच गेली असती.

"पाच नंबरला मी जाते," कालिंदीताई म्हणाल्या.

भेगाळलेल्या मातीतून चालत त्या तिथं पोचल्या. तलावात बुडालेल्या वस्तीच्या घरांच्या पायाचे दगड जमिनीतून वर आले होते. त्यातल्या एकावर पुंजाराम बसला होता आणि वॉकीटॉकी त्याच्या मांडीखाली दबली होती.

"पुंजाराम, बटण दाबलं गेलं होतं."

तो गडबडून उठला. "माफी करा ताई. ध्यानातच आलं नाय."

"तुमच्याजवळ कोण होतं आत्ता?"

"कुनी नाय. एकलाच हाय मी."

"एक बाई बोलत होत्या."

पुंजारामनं डोक्यावरचा पटका काढून हातात धरला.

"तुमाला ऐकू आली?" तो म्हणाला. "पानी आटल्यापून मी रोज बोलतो हिथं. मला कंदी नाय आली. काय म्हनाली?"

कालिंदीताई घुटमळल्या. लोकांचं तारेवरचं बोलणं त्यांनी जन्मभर कुणाला सांगितलं नव्हतं. पण हा निरोप त्याचाच होता.

"म्हशीचं दावं सोडलं का, असं विचारत होत्या."

तो खाली बसला.

"तळं पयल्यांदा भरलं त्या राती वस्ती उठली," तो म्हणाला. "समदे पाळीवर आलो. म्हस मी आदीच सोडून नेली व्हती. पारूला ठावं नव्हतं. अंधारात कवा माघारी गेली, कुनालाच कळलं नाय. पानी चढलं, ती वर आलीच नाय." त्यानं वॉकीटॉकी उचलून पुढं धरली. "ह्याच्यातून तिला सांगता यील का?"

कालिंदीताईंनी त्याचा अंगठा बटणावर ठेवला. "हे दाबायचं आणि बोलायचं. झालं की सोडायचं."

त्या तंबूत परतल्या. रस्ता मोकळा झाला होता, पुढची गाडी पुन्हा रेषेवर येऊन उभी होती. हिमांशूनं सुटायची खूण करायला हात वर नेला, आणि तेवढ्यात सगळ्यांच्याच वॉकीटॉकीतून खरखर झाली.

"पारू, म्हस मी सोडली व्हती. आदीच सोडली व्हती. कडुबाच्या मळ्यात बांदली व्हती. तू माघारी ये."

बटण काही सुटलं नाही. लहरीवर आता नुसतं वारं होतं. हिमांशूनं आत्याकडं पाहिलं. त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली, तसा त्यानं हात खाली घेतला. रेषेवरच्या चालकाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून इंजिन बंद केलं.