सुनेची हाक

परसात नारळ पडला की पूर्णगडचे हारुनमियाँ पडवीतून मान वळवत. त्याच पडवीच्या दारातून सून नबीला हाक मारी, तेव्हा मात्र त्यांची मान वळत नसे. मुलगा अद्नान कुवेतहून फोन करी, त्याचे बोलणे त्यांना नीट कळे.

त्यांची बायको फातिमा हिच्या मते ही अदब होती. तिचे सासरेही तिच्याशी मोजकेच बोलत. अद्नानच्या मते हा हट्ट होता, कारण मुलगी त्यांनी पसंत केली नव्हती. नबीलाने मत बनवले होते, पण ते सासूला सांगितले नव्हते. आपण या घरात नकोशा आहोत, असे धरून तिने अद्नानला रत्नागिरीत भाड्याची खोली बघायला सांगितले होते. ईदला तो आला की ती तिकडे राहायला जाणार होती.

त्याआधी तिचा घसा बसला. घोगऱ्या, जाड आवाजात तिने दारातून विचारले, "अब्बा, चाय आणू?"

हारुनमियाँ लगेच वळले.

"आण." मग म्हणाले, "आज बोललीस. मला वाटायचं, तुला हे घर आवडलं नाही."

"मी रोज हाक मारते, अब्बा."

"कुणाला?"

नबीलाला हसू आले आणि डोळेही भरले. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती दचकली, हारुनमियाँ शांतपणे तिच्याकडे बघत राहिले. शिट्टी ऐकलीत का, असे तिने विचारले. कसली शिट्टी, असे ते म्हणाले.

कानाच्या तपासणीला तीच त्यांना रत्नागिरीला घेऊन गेली. माझे बोलणे बरे ऐकू येते, असा टोमणा फातिमाने निघताना मारला. तुझे खाडीपलीकडेही ऐकू जाते, असे उत्तर तिला मिळाले. परतताना एसटीत नबीलाने अद्नानला कळवले की खोली बघू नको. आता ती समोर येऊन, आवाज जाड करून बोलते.

हारुनमियाँनी उमेदीची वर्षे मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली होती. सततच्या गोंगाटाने आतल्या कानातल्या, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी मरतात आणि पुन्हा वाढत नाहीत. खालच्या पट्टीतले आवाज बराच काळ शाबूत राहतात. नबीलाचा आवाज बारीक होता.