गच्चीवरचे तीन व्हॉल्व्ह आणि मी

मित्रांनो, मला जबडा आहे, जबड्यात दात आहेत, आणि तरीही आजवर मी कोणाला चावलेलो नाही. मी फक्त धरतो. मी एक अठरा इंची पाइपपाना आहे. वयाने जुना, दांड्यावरचा तांबडा रंग जागोजागी उडालेला. प्लंबरच्या पिशवीत तळाशी जो जड लोखंडी ऐवज असतो ना, ज्याच्यामुळे पिशवीचे बंद तुटतात, तो मी.

माझा जन्म जालंधरच्या एका भट्टीत झाला. टाकीचे घाव सोसल्यावर दगडाला देवपण येतं म्हणतात. मी घणाचे घाव सोसले, मला नुसतं पानेपण आलं. पण मी त्यावर खूश होतो. तिथून रेल्वेने बडोद्याला आलो आणि मांडवीजवळच्या एका दुकानात खिळ्याला लटकलो. एक सडपातळ तरुण आला, त्याने मला खाली काढलं, तळहातावर तोललं आणि म्हणाला, "हा वजनदार आहे. हाच द्या." ते जयवंत. 'राव' नंतर लागलं, पोट सुटल्यावर.

जयवंतराव कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदाराकडे फिटर होते. बावीस वर्षं आम्ही तिथे काढली. काय ते दिवस! हत्तीच्या पायाएवढे पाइप, आणि आमचा सांधा कधी गळायचा नाही. "जयवंतने आवळलंय? मग बघायला नको," असं साहेब म्हणायचे. तेव्हा माझ्या दातांना धार येई.

तिथली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. तिथे फिटरने व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. लाइन बंद करणारा माणूस वेगळा. तो लाइन बंद करी, व्हॉल्व्हवर तांबडी पाटी टांगी आणि कागदावर सही करून देई. पाटीवर तीन भाषांत लिहिलेलं असे, 'माणूस कामावर आहे, हात लावू नका.' सही मिळाली की जयवंतराव डोळे मिटून मला पाइपवर चढवत. बावीस वर्षांत त्यांना एकदाही शंका घ्यावी लागली नाही.

दोन वर्षांपूर्वी ठेका संपला. पंचावन्नाव्या वर्षी जयवंतराव घरोघरची कामं करू लागले. फतेगंजातल्या दोन खोल्यांत त्यांची बायको मंदा वसतिगृहातल्या मुलांचे डबे करते, दिवसाला पन्नास. जयवंतराव पिशवी घेऊन निघत. पण घरांत कुठली पाटी आणि कुठली सही? जयवंतराव आपले विचारत, "लाइन बंद केलीत ना?" समोरचा हो म्हणाला की ती त्यांना सहीसारखीच वाटे.

मग बडोद्यातल्याच अकोटा भागातलं काम आलं. घर भास्कररावांचं. ते विद्यापीठात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी निरुपमाबाई शाळेतून. बाथरूमचा नळ जाम झाला होता, बंदच अडकला होता, काही केल्या उघडत नव्हता. तो काढून नवा बसवायचा, एवढंच काम.

"गच्चीवरून या नळाची लाइन बंद करावी लागेल," जयवंतराव म्हणाले.

"तुम्ही थांबा. माझं घर आहे, मला ठाऊक नाही का?" म्हणत भास्करराव स्वतः वर गेले. वरून त्यांचा वर्गात शिकवल्यासारखा आवाज आला, "बंऽऽद केलाय!"

झालं. जयवंतरावांना सही मिळाली. त्यांनी मला नळाच्या मानेवर चढवलं. मीही जोर केला. नळ करकरला, फिरला आणि निघाला.

मित्रांनो, त्यानंतर जे पाणी आलं! गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या एका भोकातून खाली यायला निघाली. पहिला फवारा जयवंतरावांच्या चष्म्यावर. चष्मा बादलीत. त्यांनी भोकावर अंगठा दाबला, तर पाणी अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी पंख्यासारखं पसरलं आणि दारातून थेट बाहेरच्या बोळातल्या पुस्तकांच्या मांडणीवर गेलं.

"अहो, स्वयंपाकघरात नळाला थेंब नाही आणि इथे धबधबा!" निरुपमाबाई ओरडल्या. भास्कररावांनी स्वयंपाकघराचा व्हॉल्व्ह बंद केला होता. गच्चीवर तिन्ही व्हॉल्व्ह शेजारीशेजारी, सारखेच, एकावरही खूण नाही.

आरडाओरडा ऐकून शेजारचा हार्दिक आला, मोबाइल हातात धरूनच. "काका, आ तो फुवारो!" म्हणत त्याने आधी व्हिडिओ काढला आणि मग गच्चीवर धावून बाकीचे दोन्ही व्हॉल्व्ह फिरवले. पाणी थांबलं. जयवंतराव लुंगीसारखा ओला टॉवेल धरून उभे. मी घोटाभर पाण्यात.

दारात सोसायटीतली चार माणसं जमली. भास्करराव जिना उतरून आले आणि भिजलेल्या पुस्तकांकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. आता हे बोलतील, मला वाटलं. ते बोलले नाहीत.

"कोणी केलं हे?" कोणीतरी विचारलं.

"चूक माझी," जयवंतराव म्हणाले. "लाइन तपासणं फिटरचं काम." त्यांनी फडकं मागून घेतलं, गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पुसली, भोकाला बूच मारलं आणि पैसे न घेता निघाले. नवा नळ खोक्यातच राहिला.

व्हिडिओ मात्र त्यांच्या आधी घरी पोचला. मंदाच्या भिशीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला होता, वर हसणारी सहा तोंडं. तिने पाहिला आणि चहा टाकला.

"आता बास," जयवंतराव म्हणाले. "सगळं गाव हसतंय. डबे पोचवीन तुझे. या हाताला आता कोण काम देणार?"

"हसू देत. हसून कोणी मेलंय का?"

"तुला काय जातंय बोलायला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोणत्यात टाकलं. फुटके नळ, गंजके खिळे, एक मोडका पंखा, आणि मी. रविवारी भंगारवाला येणार होता. तीन दिवस मी त्या गोणत्यात पडून होतो. भंगार व्हायची मला भीती नव्हती, मी आगीतूनच आलोय. पण जयवंतराव सकाळी उठून हात धूत आणि मग त्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नसे. ते मला गोणत्याच्या भोकातून दिसे. त्यांचे हात गेले तर मला कोण धरणार?

शनिवारी दारात निरुपमाबाई उभ्या. मागे भास्करराव, शाळा बुडवून पकडल्या गेलेल्या मुलासारखे.

"जयवंतराव, माझा नळ खोक्यात आहे आणि मी चार दिवस बादलीने पाणी वाहतेय," निरुपमाबाई म्हणाल्या. "अर्धं काम टाकून जायची ही कुठली पद्धत?"

"बाई, दुसऱ्या कोणाला..."

"दुसरा नको. आधी यांचं ऐका. बोला हो."

भास्कररावांनी घसा साफ केला. "व्हॉल्व्ह मी चुकीचा बंद केला. चार लोकांसमोर तुम्ही ते अंगावर घेतलंत आणि मी गप्प बसलो. चाळीस वर्षं मुलांना खरं लिहा, खरं लिहा म्हणून शिकवलं. काल सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. उशीर झाला, पण लिहिलं."

"पुस्तकं?" जयवंतरावांनी विचारलं.

"दोरीवर वाळताहेत," निरुपमाबाई म्हणाल्या. "चिमटे लावून. बडोद्याचा सगळा इतिहास माझ्या पेटीकोटांशेजारी लटकतोय."

मंदा हसली. मग जयवंतराव. मग भास्कररावसुद्धा. पण हसून झाल्यावर जयवंतराव म्हणाले, "चूक माझीही होतीच. शेजारचा नळ उघडून बघितला असता, पाणी येतंय की नाही ते कळलं असतं. मी तुमच्या शब्दाला सही समजलो. पुन्हा तसंच झालं तर?"

डब्यांना चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता मंदा म्हणाली, "अहो, माझे पन्नास डबे एकसारखे दिसतात. म्हणून काय मी डोळे मिटून वाटते? प्रत्येकावर नाव घालते. तुमच्या व्हॉल्व्हांना नाव घालायला काय धाड भरलीय?"

 जयवंतरावांनी उठून गोणत्यात हात घातला, आणि तो हात नेमका माझ्या दांड्यावर आला.

त्या दुपारी त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून गोल बिल्ले केले, कडा घासल्या, तांबडा रंग दिला. रविवारी अकोट्याच्या गच्चीवर एकेक व्हॉल्व्ह बंद केला, खाली कुठला नळ कोरडा पडतो ते भास्कररावांना बघायला लावलं, आणि मग बिल्ला टांगला. 'स्वयंपाकघर.' 'बाथरूम.' 'सोलर.' अक्षर भास्कररावांचं, वळणदार. मग बाथरूमची लाइन बंद करून जयवंतरावांनी बेसिनचा नळ उघडून पाहिला. थेंब नाही. तरी दोनदा पाहिला.

नवा नळ बसला. हार्दिकने त्याचाही व्हिडिओ काढला आणि म्हणाला, "काका, मारे घरे पण लगावी आपो ने!" त्याला आपल्याही गच्चीवर बिल्ले लावून हवे होते. आता त्या सोसायटीत निम्म्या गच्च्यांवर आमचे बिल्ले वाऱ्याने वाजतात. काम पूर्वीइतकं नाही, पण येतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, आज जाऊन बघा. त्याला नाव घाला. माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात गंजत पडलं असेल तर तेलाचे दोन थेंब द्या. आणि तुमच्या घरी कोणाच्या हातून पाणी सांडलं, तर आधी फडकं आणा, मोबाइल नंतर.

माझ्या दांड्याला टोकाशी एक भोक आहे. परवा मंदाने एक बिल्ला उरला होता तो त्यात सुतळीने बांधला. जयवंतरावांनी चष्मा वर करून वाचला आणि मला पिशवीत ठेवलं. तळाशी नव्हे, सगळ्यात वर. बिल्ल्यावर मंदाने तिच्या डब्यांवरच्या अक्षरात लिहिलंय, 'माणूस कामावर आहे.'